ठेक्यावर उजळणारे दिवे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांत बोटे घालू नयेत असा एक समज आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. प्रस्तुत लेखक मराठी विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दहावीनंतर भौतिकशास्त्राच्या पुस्तकाला त्याने हात लावलेला नाही. तरीही एका चिपविषयी चार पाने लिहिण्याचे धाडस तो करीत आहे, याला कारण आमच्याच सभागृहात घडले.

मागच्या स्नेहसंमेलनात एकल तबलावादन चालू होते. माझ्या शेजारी आमच्या वर्गातला एक मित्र बसला होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. वादन रंगात आले तेव्हा त्याने वहीच्या कोपऱ्यावर लिहून विचारले, "सगळे एकदम मान का हलवतात? कुणी खूण करतो का?" मी लिहिले, "सम आली." त्याने लिहिले, "कुठून?"

या एका शब्दाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. व्यासपीठामागे रंगीत दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या खऱ्या. पण भिंतीवरच्या घड्याळाचा तबल्याशी जेवढा संबंध, तेवढाच त्यांचाही. त्या दिव्यांना तबला ऐकवता आला असता तर? येथून या खटाटोपाला सुरुवात झाली.

नाद आणि प्रकाश यांची सांगड घालण्याची हौस फार जुनी आहे. फ्रान्समधील लुई बर्त्राँ कास्तेल या जेझुइट पंडिताने १७२५ मध्ये डोळ्यांसाठी वाजणाऱ्या वाद्याची कल्पना मांडली. १८९३ मध्ये इंग्लंडमधील चित्रकार अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टन यांनी रंगांच्या ऑर्गनचे पेटंट घेतले. रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांनी १९१० मध्ये पुऱ्या केलेल्या 'प्रोमेथियस' या रचनेत वाद्यांच्या ओळींबरोबर प्रकाशाचीही एक स्वतंत्र ओळ लिहिली आणि १९१५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती रंगीत प्रकाशासह सादर झाली. आपल्याकडे तापस सेन यांनी १९५९ मध्ये उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत शिरणारे पाणी निव्वळ प्रकाशाने उभे केले. मात्र या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रकाश कुठे वाढावा आणि कुठे मंदावावा हे माणूस ठरवीत होता, आणि माणसाचाच हात ते घडवीत होता. आम्हाला हवे होते ते निराळे: नादाने स्वतःच दिव्याला हात घालावा.

त्यासाठी आम्ही निवडलेल्या चिपचे नाव आयएस३१एफएल३७३१. नाव घेताना जीभ अडखळते; यापुढे तिला नुसते 'चिप' म्हणू. नखाएवढी ही वस्तू १४४ लहान एलईडी दिवे चालवते. तिच्या पोटात आठ चित्रे साठवता येतात आणि तिला आवाजाची तार जोडण्यासाठी एक स्वतंत्र पाय दिलेला आहे. ती २.७ ते ५.५ व्होल्टवर चालते. म्हणजे मोबाईलच्या चार्जरवर काम भागते, आणि शॉक लागेल या भीतीने घरचे जागे राहत नाहीत.

१४४ दिव्यांना १४४ तारा लागायला हव्यात, असे प्रथम वाटते. येथे एक गमतीदार युक्ती आहे. एलईडी ही एकेरी वाट आहे. वीज एका दिशेने गेली तरच तो पेटतो. म्हणून कोणत्याही दोन तारांमध्ये दोन दिवे उलटसुलट बसवता येतात: वीज इकडून तिकडे गेली की एक पेटतो, तिकडून इकडे आली की दुसरा. नऊ तारा घेतल्या तर प्रत्येक तारेची उरलेल्या आठ तारांशी अशी जोडी लागते, आणि नऊ गुणिले आठ म्हणजे बहात्तर दिवे होतात. असे दोन गट केले की १४४. या युक्तीला चार्ली ॲलन या अभियंत्याच्या नावावरून 'चार्लीप्लेक्सिंग' म्हणतात. अर्थात एका क्षणी सारे दिवे पेटलेले नसतातच. चिप ते आळीपाळीने इतक्या वेगाने पेटवते की आपल्या डोळ्याला ते एकत्र पेटल्यासारखे वाटतात. याचा तोटाही लक्षात ठेवावा. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला वेळेचा लहानसा तुकडाच येत असल्याने हा फलक रंगमंच उजळू शकत नाही. तो पाहण्याची वस्तू आहे. आम्ही १६ गुणिले ९ दिव्यांचा तयार फलक घेतला, त्यावर ट्रेसिंग पेपर लावलेले पुठ्ठ्याचे खोके ठेवले, आणि दिव्यांचे टोचणारे ठिपके मऊ झाले.

आता चिपशी बोलायचे कसे? तिच्याशी बोलण्यासाठी दोन तारांची आयटूसी नावाची पद्धत आहे. फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये काढली. एका तारेवरून ताल दिला जातो, दुसरीवरून अक्षरे जातात. तबल्याच्या लेखात हा योगायोग मला फार आवडला. बोलणारा असतो एक छोटा मायक्रोकंट्रोलर; आमच्याजवळ आर्डुइनो होता. चिपचा पत्ता असतो ११६. एका विशिष्ट पायाची जोडणी बदलली की तो ११७, ११८ किंवा ११९ होतो, म्हणून एकाच जोडतारेवर अशा चार चिपा नांदू शकतात. (तांत्रिक पुस्तकांत हे आकडे सोळाच्या पाढ्याने लिहिलेले असतात. मी ते सर्वत्र आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत देत आहे.)

चिपचे पोट म्हणजे महाविद्यालयाच्या कार्यालयातले फायलींचे कपाट समजा. कपाटाला नऊ दालने आहेत. ० ते ७ या दालनांत आठ चित्रे राहतात आणि नववे दालन, ज्याचा क्रमांक मात्र ११ आहे, ते हेडक्लार्कचे. सारे नियम तेथे. कोणत्याही दालनात शिरण्याआधी २५३ क्रमांकाच्या खणात त्या दालनाचा आकडा टाकावा लागतो. हे विसरले तर आपण नियम लिहितो आहोत असे समजून चित्राच्या दालनात भलतेच दिवे लावून बसतो. मी हे एकदा नव्हे, तीनदा केले.

पहिले काम चिपला जागे करण्याचे. २५३ मध्ये ११ टाकून नियमांच्या दालनात जावे आणि तेथील १० व्या खणात १ लिहावा. तेथे ० असेल तोवर चिप झोपलेली असते, आणि झोपलेल्या चिपला कितीही सुंदर चित्रे दिली तरी फलक काळाच राहतो. आमची पहिली संध्याकाळ यातच गेली. सोल्डरिंग कच्चे असेल म्हणून सारे सांधे पुन्हा तापवले; दोष होता एका शून्यात.

मग चित्रे. प्रत्येक चित्राच्या दालनात ० ते १७ हे खण कोणता दिवा चालू आणि कोणता बंद ते सांगतात; तेथे सगळीकडे २५५ लिहिले की सारे दिवे वापरायला मोकळे. १८ ते ३५ हे खण दिवा लुकलुकवण्यासाठी आहेत. तेथे शून्ये भरावीत. लुकलुकणाऱ्या दिव्यांचा मला गेल्या वर्षीपासून तिटकारा आहे. ३६ ते १७९ हे १४४ खण सर्वांत महत्त्वाचे, कारण प्रत्येक दिव्याची उजळणी ० ते २५५ या आकड्यांत तेथे लिहिली जाते. एकही खण रिकामा सोडू नये. चिपला वीज मिळताच तिच्या पोटात काय असेल याचा भरवसा नसतो, म्हणून शून्य हवे असले तरी शून्य लिहावे.

चित्रे काढण्याचे काम आलेखाच्या कागदावर झाले आणि येथे कला शाखेचा माणूस प्रथमच उपयोगी पडला. आम्ही पणतीची ज्योत काढली. ० क्रमांकाच्या चित्रात एकच ठिपका, ७ व्या चित्रात फलकभर ज्योत, आणि मध्ये सहा पायऱ्या. उजळणीचे आकडे समान अंतराने वाढवले तर मात्र फसगत होते. डोळ्याला १२८ ही २५५ ची निम्मी वाटत नाही. ती जवळजवळ पूर्णच वाटते. मंद उजेडातला लहान फरकही डोळा टिपतो, भरपूर उजेडातला मोठा फरकही सोडून देतो. म्हणून आम्ही २, ६, १४, ३०, ६०, १२०, २५५ असे सुमारे दुपटीने चढणारे आकडे घेतले, आणि ज्योत टप्प्याटप्प्याने मोठी होते आहे असे खरोखरच दिसू लागले.

आता आवाज. चिप आवाजाला दोन प्रकारे मान देते. नियमांच्या दालनातील ० व्या खणात ० ठेवला, १ ल्या खणात दाखवायच्या चित्राचा क्रमांक दिला आणि ६ व्या खणात १ लिहिला, तर एकच चित्र आवाजाबरोबर उजळते आणि मंदावते. याउलट ० व्या खणात २४ लिहिले, तर आवाजाच्या पातळीप्रमाणे आठ चित्रांपैकी एक निवडले जाते: हळू आवाजाला पहिले, मोठ्याला शेवटचे. आम्हाला दुसरी रीत पसंत पडली. नुसती उजळणी कमीजास्त झाली तर दूरच्या माणसाला तितकी उमगत नाही, पण ज्योतीचा आकार बदलला तर शेवटच्या रांगेतही कळते.

१२ व्या खणात चिपने आवाज किती वेळाने तपासावा ते लिहितात. तेथील आकडा गुणिले ४६ मायक्रोसेकंद असा हिशेब आहे, आणि ० लिहिले तर ते २५६ धरले जाते. म्हणजे सर्वांत सावकाश म्हटले तरी सुमारे १२ मिलिसेकंदांनी, सेकंदाला ८० हून अधिक वेळा तपासणी होते. मध्य लयीत एका सेकंदात आठ बोल वाजले तर दर बोलाच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. तेव्हा घाई करण्याचे काहीच कारण नाही. तेथे ० ठेवावा.

राहिला ११ वा खण, आणि या लेखाचे सारे दुखणे त्यात आहे.

या खणात आवाज किती वाढवून घ्यायचा ते लिहितात. ० ते ७ या आकड्यांनी ० ते २१ डेसिबल, तीनतीनच्या पायरीने. सहा डेसिबल म्हणजे दुप्पट, २१ म्हणजे सुमारे अकरापट. याच आकड्यात ८ मिळवले की आवाजाची वाढ आपोआप कमीजास्त करण्याची सोय सुरू होते. आणखी १६ मिळवले तर ती जलद चालते, नाही तर संथ. ही सोय वाचून आम्हाला फार आनंद झाला. वादक हळू वाजवो की जोरात, चिप स्वतःच सांभाळून घेईल. आम्ही १२ लिहिले, म्हणजे चाराची वाढ आणि वर आपोआप सांभाळणे.

तालमीला तबलजी मित्राने तीनताल धरला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ज्योत नाचू लागली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ऐकू न येणारा आमचा मित्र मात्र बराच वेळ पाहून वहीत लिहिता झाला: "छान आहे. पण सगळ्या मात्रा सारख्याच आहेत की."

तो चूक बोलत नव्हता. तालाची खाली ती काय? तेथे डग्ग्याचा घुमारा थांबतो. आमचा मित्र वाजवतो त्या ठेक्यात दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत, तिं तिं ता ता, डग्गा खुला वाजतच नाही. घुमारा परततो तो चौदाव्या मात्रेच्या धिंवर. कानाने ऐकणाऱ्याला सम जवळ आल्याची चाहूल तेथेच लागते. म्हणजे चार मात्रा आवाज खरोखर पडलेला असतो आणि ज्योत खाली बसायला हवी होती. पण मात्रेला एक सेकंद या लयीत चार मात्रा म्हणजे चार सेकंद. तेवढ्या वेळात चिपला वाटते की वादक दमला, आणि ती इमानेइतबारे आवाज वाढवून ज्योत पुन्हा वर चढवते. आमच्या हिताचे म्हणून ती जे करीत होती, त्याने खालीच पुसली जात होती.

मी ११ व्या खणातले ८ काढून टाकले. नुसते ४ ठेवले. आणि तरीही खालीत ज्योत चढतच राहिली.

दोन दिवस आम्ही चिपवर संशय घेतला. शेवटी दोष माइकच्या बाजूला सापडला. माइकमधून येणारा विद्युत्संकेत इतका क्षीण असतो की चिपची अकरापट वाढ त्याला पुरत नाही. म्हणून माइकबरोबर प्रवर्धकाची छोटी पट्टी घ्यावी लागते. आम्ही घेतलेल्या पट्टीवर मॅक्स९८१४ होती, आणि आवाजाची वाढ आपोआप सांभाळणे हे तिचेही काम आहे. भाषणाच्या ध्वनिमुद्रणाला ती सोय उत्तम. आम्ही एका दारातून घालवलेला शहाणपणा दुसऱ्या दाराने आत येत होता, आणि चूक आमची, कारण माहितीपत्रक आम्ही वाचलेच नव्हते. मग मॅक्स४४६६ वरची पट्टी आणली. तिच्यात अशी सोय नाही. मागचा छोटा स्क्रू फिरवून वाढ एकदाच ठरवायची. माइकही सभागृहातून हलवून डग्ग्याशेजारी नेला, नाही तर हार्मोनियमवरचा लेहरा खालीतही ज्योत धरून ठेवतो.

ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी स्क्रू कसा लावावा ते सांगतो. वादकाला आधी सर्वांत जोरात वाजवायला सांगावे आणि शेवटचे चित्र जेमतेम दिसेल तेथे स्क्रू थांबवावा. मग नुसती चाट वाजवून घ्यावी. ज्योत दुसऱ्या-तिसऱ्या चित्राच्या वर जात असेल तर वाढ अजून जास्त आहे. सदैव शेवटचेच चित्र दिसत असेल तर आवाज अतिरेकी येतो आहे. कोणीही वाजवत नसताना ज्योत थरथरत असेल तर घरगुती विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण तारेत शिरली आहे. आमच्याकडे ध्वनिवर्धकाच्या व फलकाच्या जमिनीच्या तारा दोन निरनिराळ्या प्लगांतून येत होत्या. फलक बॅटरीवर घेताच थरथर थांबली.

दुसऱ्या तालमीला तोच मित्र पुढच्या रांगेत बसला. पहिली दोन आवर्तने नुसते पाहत राहिला. तिसऱ्यात त्याने गुडघ्यावर बोट मोजायला सुरुवात केली: ज्योत खाली बसली, एक, दोन, तीन, चार; ज्योत उठली, एक, दोन, तीन, आणि पुढच्या मात्रेला त्याने मान हलवली. आमच्या सगळ्यांबरोबर. तबलजीने हे पाहिले आणि ठेका सोडलाच नाही. दहाबारा आवर्तने नुसता तोच वाजवत राहिला.

येथेच थांबलो तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाही. वादक ठेका सोडून रेल्यात शिरला की हा सारा हिशेब मोडतो. बोल दाट होतात, डग्गा कुठेही घुमतो, ज्योत वरच राहते आणि सम कुठे ते फलकावरून कळत नाही. याचे कारण चिप फक्त आवाजाची पातळी जाणते. उंच स्वर कोणता, खर्ज कोणता, हेही तिला कळत नाही. त्यासाठी एमएसजीईक्यू७ सारखी, आवाज ६३ हर्ट्‌झपासून १६ हजार हर्ट्‌झपर्यंतच्या सात पट्ट्यांत विभागणारी निराळी चिप लागते. आणि तीही सम ओळखणार नाही. सम आवाजात नसते, मोजण्यात असते. मोठ्या तिहाईनंतर येणारी सम पुष्कळदा वाजवलेल्या बोलापेक्षा सोडलेल्या जागेमुळेच कळते.

म्हणून आम्ही दुसरा फलक केला. पत्ता ११७, चित्राची साधी रीत, आवाजाची तार नाही. त्यावर सोळा ठिपके आहेत आणि एक बटण. ताल हातावर धरणारा कोणीतरी दर मात्रेला बटण दाबतो, ठिपका पुढे सरकतो, समेला सारी चौकट उजळते. म्हणजे अखेर स्क्रियाबिन व तापस सेन यांच्याच वाटेने आम्ही माणसाच्या हाताकडे परत आलो; फक्त एका फलकापुरते. पहिल्या फलकावर नाद, दुसऱ्यावर हिशेब, आणि दोन्हींच्या मध्ये तबलजी.

या वर्षीच्या स्नेहसंमेलनात बटण कोणी दाबायचे यावर बराच वाद झाला. मी दोनदा रेल्यात मात्रा चुकलो, तेव्हा माझे नाव बाद झाले. ऐकू न येणाऱ्या मित्राने लिहिले की लेहरा वाजवणाऱ्याची बोटे पट्ट्यांवर दर आवर्तनाला त्याच जागी परत येतात, ती पाहून त्याला मोजता येते. आम्ही करून पाहिले. सव्वीस आवर्तनांत तो एकदाही चुकला नाही. बटण सध्या त्याच्याच दप्तरात असते.